परत यायचं, पण कशाच्या भरवशावर?

भारतवारीत एक प्रश्न ठरलेला असतो. कुणीतरी काका चहाचा कप खाली ठेवत म्हणतात, 'एवढं शिकलात, आता तिकडेच राबणार का? आपल्या देशाला काय उपयोग?' त्यांची तळमळ खरी असते. पण शिकलेला माणूस परत आला की देशात विज्ञान आपोआप उभं राहतं, हे त्यामागचं गृहीतक मला पटत नाही.

पाकिस्तानचे अब्दुस सलाम १९५१ साली केंब्रिजहून लाहोरला परतले होते. भौतिकशास्त्रावर बोलायला आसपास कुणी नाही, संशोधनाला वाव नाही, त्यात १९५३ च्या धार्मिक दंगली. १९५४ मध्ये ते पुन्हा केंब्रिजला गेले. पुढे नोबेल मिळवलेल्या माणसाची ही गत! दहा वर्षांनी त्यांनी इटलीत त्रिएस्तेला संशोधन केंद्र उभारलं. गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांनी काही महिने तिथे काम करून आपल्या विद्यापीठात परत जावं, देश सोडायची पाळी येऊ नये, हा त्यामागचा विचार होता. एकटं पडणं म्हणजे काय, हे त्यांनी सोसलं होतं.

याच्या उलट उदाहरण आपल्या जुन्नर तालुक्यात आहे. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना नारायणगावच्या आसपास त्या अवाढव्य जाळीदार डिश तुम्ही पाहिल्या असतील. खोडदची ही जीएमआरटी दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. तिची मुळं एका पत्रात आहेत. १९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या गोविंद स्वरूप, मुकुल कुंडू, टी. के. मेनन आणि टी. कृष्णन या चौघांनी भारतातल्या संस्थांना लिहिलं, की आम्ही मिळून परत येतो, आम्हाला रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करू द्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून होमी भाभांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला. (आज साध्या ईमेलला एवढ्या लवकर उत्तर आलं तरी आपण पेढे वाटू.) स्वरूप १९६३ मध्ये स्टॅनफर्ड सोडून आले. सगळे टिकले नाहीत. कुंडू काही वर्षांनी पुन्हा अमेरिकेत, मेरीलँड विद्यापीठात गेले. पण तोवर इथे गट तयार होत होता.

सुरुवात किती साधी होती पाहा. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या, जेमतेम १.८ मीटरच्या ३२ डिश १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. तिथे तरुण मुलं हात काळे करून शिकली. मग १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण आली, तीही भारतातच आखलेली आणि बांधलेली. उटीचं अक्षांश साधारण ११ अंश. तेवढ्याच उताराची, उत्तर-दक्षिण टेकडी शोधून तिच्यावर दुर्बीण अशी बसवली, की तिचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशातल्या स्रोताचा तासन् तास माग काढता येतो. खोडदला पत्र्याऐवजी पोलादी दोऱ्यांवर ताणलेली तारेची जाळी वापरली. मीटर लांबीच्या लहरींना ती पुरते, वारा आरपार जातो, सांगाडा हलका होतो आणि खर्च आवाक्यात येतो. आपल्याकडे काय आहे, हे नीट ओळखून केलेलं हे काम आहे. २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा जाहीर झाला, त्यात याच दुर्बिणीची निरीक्षणं होती.

कल्याण ते खोडद, तीस वर्षं गेली. एवढा धीर आज कुणाला आहे? संशोधनावरचा आपला खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, दक्षिण कोरियाचा साडेचार टक्क्यांच्या वर. पण माझी जास्त तक्रार आहे तो पैसा कसा मिळतो याबद्दल. माझी भाची तिकडे एका नामांकित संस्थेत पीएच.डी. करत होती. तिची शिष्यवृत्ती सात-सात महिने यायची नाही. प्रयोगशाळेतलं एक महागडं यंत्र छोट्या सुट्या भागावाचून वर्षभर झाकून ठेवलं होतं. यंत्र घ्यायला अनुदान होतं, दुरुस्तीला नव्हतं!

आपण परदेशी मंडळीही यात मागे नाही. देणगी द्यायची तर इमारतीला, संगणक कक्षाला, जिथे नावाची पाटी लागते. तंत्रज्ञाच्या पगाराला कोण पाटी लावणार? माझं म्हणणं एवढंच, की आपल्या मंडळांनी पाच वर्षं एखाद्या कॉलेजच्या वर्कशॉपचा खर्च उचलावा. आपल्यातल्या प्राध्यापकांनी तासाभराचं भाषण देऊन, शाल-श्रीफळ घेऊन निघण्यापेक्षा दर वर्षी त्याच विभागात महिनाभर राहावं.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी मंजूर केले. मुख्य यंत्रसामग्री अमेरिकेतून येणार. तिची निगा राखणारी मुलं हिंगोली-नांदेडच्या पॉलिटेक्निकमधून येतील का, हे मला त्या कोटींपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

भाची सध्या इकडे पोस्टडॉक करते आणि तिला परत जायचं आहे. एका संस्थेकडून नोकरीबद्दल विचारणाही झाली आहे. मी तिला म्हटलं, पगार नंतर विचार. आधी विचार, वर्कशॉप आहे का, तंत्रज्ञ कायम आहेत की कंत्राटी, दुरुस्तीला वेगळा पैसा असतो का आणि तुझ्या विषयातली आणखी किती माणसं घेणार आहेत. तिने हे चारही प्रश्न लिहून पाठवलेत. महिना झाला, उत्तर अजून यायचं आहे.