गॅसपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकात भरण्याबाबत मागणीपत्र

प्रति: गॅसपीडितांच्या वैद्यकीय नोंदींच्या संगणकीकरणाचे काम पाहणारे अधिकारी, भोपाळ
यांजकडून: मराठी रहिवाशांची संघटना, शिवाजी नगर, भोपाळ
विषय: मजकूर-फाइलींतील निवडक माहिती डेटाबेसच्या तक्त्यात घेताना पाळावयाचे नियम

महोदय,

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. आज शिवाजी नगरात राहणाऱ्या आमच्या काही सभासदांची घरे तेव्हा जुन्या शहरात होती. गॅसपीडितांच्या वैद्यकीय नोंदींचे संगणकीकरण करावे, प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका व स्मार्ट कार्ड द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०१२ रोजी दिला. समोरच्या डॉक्टरला रुग्णाचा मागचा आजार एका जागी दिसावा, यासाठी हा खटाटोप. केसपेपर स्कॅन करून त्याची मजकूर-फाइल केल्याने तेवढे साधत नाही. फाइलीतली हवी ती माहिती वेचून योग्य रकान्यात बिनचूक जावी लागते, आणि चुका शिरतात त्या इथेच. म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. रकाने डॉक्टरांनी ठरवावेत. केसपेपरावरचे सगळेच तक्त्यात येणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण काय घ्यायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय कंत्राटी ऑपरेटरवर सोडू नये. नोंदणी क्रमांक, भेटीची तारीख, निदान, फुप्फुसांच्या व डोळ्यांच्या तपासण्या आणि औषधे ही किमान यादी असावी. काय गाळले, तेही कारणासह जाहीर करावे.

२. तारखेचा साचा आधी बांधून द्यावा. ०३/१२/१९८४ ही तारीख अमेरिकी पद्धतीने वाचली गेली, तर ती १२ मार्च होते. म्हणजे वायू सुटण्याआधीच माणूस आजारी होता, असे सरकारी तक्ताच सांगू लागतो. भरपाईच्या दाव्यात अशी नोंद रुग्णाच्याच विरुद्ध जाईल.

३. क्रमांक हा मजकूर म्हणून घ्यावा. ००४५१ ला संख्या मानले की ४५१ उरते आणि जुन्या कार्डाशी जुळत नाही.

४. कृतिदेव या फाँटमध्ये टंकलेल्या फाइली आधी युनिकोडमध्ये बदलाव्यात. तसे न करता भरल्यास हिंदी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे बसतात आणि नावाने शोध घेता येत नाही.

५. केवळ नावावरून नोंदी जोडू नयेत. आमच्यातले ‘काळे’ हिंदी कागदांवर ‘काले’ होतात, मधले वडिलांचे वा पतीचे नाव कधी आडनावाच्या रकान्यात जाते. क्रमांक, वय व पत्ता जुळल्यावर माणसाने तपासूनच दोन नोंदी एक कराव्यात.

६. माहिती प्रथम तात्पुरत्या तक्त्यात घ्यावी, तपासावी, मगच मुख्य तक्त्यात न्यावी. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीला चुका दुर्लक्षायला सांगितले, तर ते चुकीचे मूल्य बदलून घेते आणि केवळ इशारा नोंदवते. तो इशारा कोणी वाचला नाही, तर चूक कायमची राहते. म्हणून नाकारलेली प्रत्येक ओळ कारणासह वेगळ्या तक्त्यात ठेवावी.

७. प्रत्येक नोंदीसोबत मूळ फाइलीचे नाव व पान क्रमांक असावा. मूळ कागद व स्कॅन नष्ट करू नयेत.

८. रुग्णाला स्वतःची नोंद पाहण्याचा व दुरुस्तीसाठी अर्ज करण्याचा मार्ग खुला असावा. उपचार करणारे डॉक्टर वगळता इतरांसाठी ती नोंद बंद असावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चा रोखही हाच आहे.

यातील बहुतेक मागण्यांना नवी यंत्रे लागत नाहीत, कामाच्या अटींत काही ओळी वाढवाव्या लागतात. सुरुवात एका रुग्णालयाच्या एका वर्षाच्या फाइलींपासून करावी. फाइलीत किती ओळी होत्या, किती भरल्या, किती नाकारल्या, हे तीन आकडे सूचनाफलकावर लावावेत. पहिल्या आकड्याशी उरलेल्या दोहोंची बेरीज जुळेपर्यंत कंत्राटदाराचे देयक मंजूर करू नये.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद
शिवाजी नगर, भोपाळ