विश्लेषण : पिल्लाला ओझे ओढायला कधी शिकवावे? ‘वेट पुलिंग’मध्ये वयाचा प्रश्न कळीचा का?

छातीवर रुंद पट्टे बांधलेला दणकट कुत्रा, मागे साखळीला अडकवलेला मोटारीचा टायर आणि जोडीला दणदणीत संगीत. समाजमाध्यमांवर असे व्हिडिओ सहज दिसतात. काहींमध्ये तर टायर ओढणारे चक्क पिल्लूच असते. कुत्र्याने वजन ओढण्याचा हा प्रकार म्हणजे ‘वेट पुलिंग’. उत्तर अमेरिकेत तो नियमांनी बांधलेला खेळ आहे. मात्र व्हिडिओ पाहून घरच्या अंगणात प्रयोग करणाऱ्यासमोर ना पंच असतो, ना नियमपुस्तिका. त्यामुळे सराव नेमका कोणत्या वयात सुरू करायचा, या प्रश्नाचे उत्तर पालकालाच शोधावे लागते. ते चुकले तर त्याची किंमत कुत्रा आयुष्यभर मोजतो.

‘वेट पुलिंग’ म्हणजे काय?

अलास्का आणि कॅनडाच्या बर्फाळ भागात माणसे आणि सामान वाहून नेण्यासाठी कुत्र्यांच्या घसरगाड्या वापरल्या जात. कोणाचा कुत्रा जास्त ओढतो, यावरून पैजा लागत. जॅक लंडन यांच्या १९०३ मधील ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीतील बक नावाचा कुत्रा हजार पौंडांची, म्हणजे सुमारे साडेचारशे किलोंची घसरगाडी ओढतो, तो प्रसंग अशाच पैजेचा आहे. युरोपातही बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये दुधाच्या गाड्या कुत्रे ओढत असत.

आजच्या खेळाला शिस्त आली ती संघटनांमुळे. ‘इंटरनॅशनल वेट पुल असोसिएशन’ (आयडब्ल्यूपीए) ही संस्था १९८४ पासून स्पर्धांचे नियम ठरवते. चाकांची गाडी, रुळांवरची गाडी किंवा बर्फावरची घसरगाडी कुत्र्याने एका मिनिटात १६ फूट ओढायची असते. कुत्र्यांचे गट त्यांच्या वजनानुसार पडतात. ओढत असताना मालकाला कुत्र्याला हात लावता येत नाही, खाऊचे आमिषही दाखवता येत नाही. कुत्र्याला गाडी हललीच नाही, तर मदतनीस ती मागून ढकलतात, म्हणजे आपण हरलो असे त्याला वाटू नये. या संस्थेच्या स्पर्धेत उतरण्यासाठी कुत्र्याचे वय किमान एक वर्ष असावे लागते.

मग एक वर्ष पूर्ण झाले की झाले?

नाही, आणि गैरसमज नेमका इथेच होतो. एक वर्ष ही प्रवेशाची किमान अट आहे, हाडे तयार झाल्याचा दाखला नव्हे. बाराव्या महिन्यात स्पर्धेत उतरवायचे म्हणून सातव्या-आठव्या महिन्यापासून वजन ओढायला लावले, तर नियम कागदावर पाळला जातो आणि त्याचा हेतू मात्र मोडतो.

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांना कूर्चेचा मऊ थर असतो. त्याला ‘ग्रोथ प्लेट’ म्हणतात. हाडाची लांबी येथूनच वाढते आणि वाढ संपली की या थराचेही हाड होते. लहान चणीच्या जातींमध्ये हे साधारण आठ-दहा महिन्यांत उरकते. लॅब्रॅडॉर, रॉटवायलरसारख्या मोठ्या जातींना वर्ष ते सव्वा वर्ष लागू शकते, तर महाकाय जातींमध्ये ही प्रक्रिया दीड वर्षापर्यंत किंवा त्याहून थोडी पुढे चालते. म्हणजे जी कुत्री ओझे ओढण्यासाठी दणकट वाटतात, नेमकी त्यांचीच हाडे उशिरा पक्की होतात.

आणखी एक मुद्दा सहसा लक्षात घेतला जात नाही. नसबंदी लहान वयात झाली असेल तर ग्रोथ प्लेट बंद व्हायला आणखी वेळ लागतो, कारण त्या बंद होण्यात लैंगिक संप्रेरकांचा वाटा असतो. अशा पिल्लाला ओझ्यासाठी जास्तच थांबावे लागते.

घाई केल्यास काय बिघडते?

वाढत्या वयात ही कूर्चा आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षाही कमकुवत असते. मोठ्या कुत्र्याला ज्या ताणाने मुरगळेल, त्याच ताणाने पिल्लाची ग्रोथ प्लेट दुखावू शकते. पुढच्या पायात शेजारी शेजारी दोन हाडे असतात. त्यांपैकी एकाची ग्रोथ प्लेट दुखावून वेळेआधी बंद झाली, तर दुसरे हाड वाढतच राहते आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. मग शस्त्रक्रियेशिवाय तो सरळ करणे कठीण होते.

दुसरा धोका खुब्याचा. अनेक मोठ्या जातींत ‘हिप डिस्प्लेशिया’ म्हणजे खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक असतो. वजन ओढताना कुत्रा मागच्या पायांनी जमीन रेटतो, तो सारा जोर खुब्यातून आणि गुडघ्यातून जातो. सांधा आधीच सैल असेल तर पुढे संधिवात लवकर गाठतो. अमेरिकेतील ‘ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अॅनिमल्स’ ही संस्था कुत्र्याच्या खुब्याचे अंतिम प्रमाणपत्र २४ महिने पूर्ण होण्याआधी देत नाही. तज्ज्ञांनाही निर्वाळा देण्यासाठी दोन वर्षे थांबावे लागते, हे यातून समजून घ्यायला हवे.

याचा अर्थ पिल्लाला बांधून ठेवावे, असा नाही. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही बाजू दिसल्या. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या दोषाचा धोका वाढलेला आढळला. उलट मोकळ्या, मऊ, उंचसखल जमिनीवर साखळीविना हुंदडणाऱ्या पिल्लांमध्ये तो कमी होता. हालचाल हवीच, पण ती पिल्लाच्या मर्जीची असावी आणि थकल्यावर थांबण्याची त्याला मुभा असावी.

टायर तर हलका असतो, मग त्याला हरकत काय?

स्पर्धेतील पाचशे किलोंचा आकडा ऐकून टायर अगदीच किरकोळ वाटतो. पण कुत्र्याच्या सांध्यांना कळते ते गाडीचे वजन नव्हे, तर ती हलवायला लागणारे बल. कठीण आणि सपाट जमिनीवर चांगल्या चाकांची गाडी ढकलायला तिच्या वजनाच्या साधारण दीड-दोन टक्के बल पुरते. म्हणजे पाचशे किलोंची गाडी चालती ठेवायला सात ते दहा किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. गाडी जागची हलवताना तो अर्थातच जास्त असतो.

टायर मात्र गडगडत नाही, फरफटतो. डांबरी रस्त्यावर रबराचे घर्षण मोठे असते. टायर ओढायला त्याच्या वजनाच्या साठ ते ऐंशी टक्के बल लागू शकते. पंधरा किलोंच्या टायरसाठी हा हिशेब नऊ ते बारा किलोंवर जातो. थोडक्यात, घरासमोरच्या रस्त्यावरचा एक टायर हा मैदानातल्या पाचशे किलोंच्या गाडीच्या तोडीस तोड ठरू शकतो. शिवाय गाडी एकदा सुटली की थोडी स्वतःहून पळते, टायर प्रत्येक पावलाला तेवढाच जोर मागतो. ‘फक्त टायरच तर आहे’ म्हणत सहा महिन्यांच्या पिल्लाला जुंपणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तीच गोष्ट पट्ट्याची. वजन ओढण्याचा हार्नेस वेगळा असतो. तो भार छाती आणि अंगावर पसरवतो, दोर मागच्या पायांच्या मागे आडव्या दांडीला जोडलेला असतो. गळ्यातल्या पट्ट्याला किंवा फिरायला नेण्याच्या साध्या हार्नेसला वजन बांधले, तर जोर गळ्यावर किंवा खांद्याच्या सांध्यावर येतो.

बैलांच्या अनुभवातून काय शिकता येईल?

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. गोऱ्ह्याचे वय तो दातांवरून ओळखतो. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. जू मानेवर ठेवायची सवय आधी लावली जाते, बरोबर जाणता बैल असतो, सुरुवातीला मागे रिकामी गाडी किंवा हलका ओंडका. अंग भरल्याशिवाय पूर्ण ओझे नाही. आधी वळण, मग वजन, हा क्रम कुत्र्यालाही लागू पडतो.

दातांचा ठोकताळा मात्र इथे चालत नाही. बैलाचे पक्के दात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून हळूहळू येतात. कुत्र्याचे सगळे पक्के दात सहा-सात महिन्यांतच येऊन जातात. उंचीही तोवर बरीच वाढलेली असते, त्यामुळे पिल्लू ‘तयार’ दिसते. पण आतली हाडे अजून कच्ची असतात. खात्री करायची तर पशुवैद्यकाकडून क्ष-किरण तपासणी हाच मार्ग उरतो.

मग सुरुवात नेमकी कधी आणि कशी करावी?

उत्तर दोन भागांत द्यावे लागते. शिकवणी लवकर सुरू करता येते, ओझे उशिरा.

• दोन ते चार महिने : वेगवेगळ्या जमिनी, आवाज, माणसे यांची ओळख. नावाला प्रतिसाद. जिने आणि उंचावरून उड्या टाळाव्यात.

• चार ते सहा महिने : हलका हार्नेस दिवसातून काही मिनिटे अंगावर घालणे. ‘चल’, ‘थांब’, ‘ये’ या आज्ञा. प्रत्येक वेळी शब्द तोच ठेवावा.

• सहा ते बारा महिने : हार्नेसला नुसती दोरी, नंतर रिकामी प्लास्टिकची बाटली. यात वजन नसतेच. आपल्यामागे काहीतरी सरकते आणि आवाज करते याची भीती जावी, एवढाच हेतू. अनेक कुत्री ओझ्याने नव्हे, तर या आवाजाने बिचकतात.

• एक वर्षानंतर : पशुवैद्यकाची तपासणी. ग्रोथ प्लेट बंद झाल्याचे दिसले, तरच रिकामी गाडी. मोठ्या जातींसाठी हा टप्पा दीड वर्षापर्यंत पुढे ढकललेला बरा.

• दीड ते दोन वर्षे : वजन थोडे थोडे वाढवणे, दोन सरावांमध्ये विश्रांतीचे दिवस ठेवणे आणि जमलेल्या ओढीवरच सराव संपवणे.

पिल्लाचे वजन आटोक्यात ठेवणे हाही तयारीचाच भाग आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले गेले. त्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्याचे ११.२ वर्षे भरले. कमी खाणाऱ्यांमध्ये खुब्याचा संधिवातही कमी आणि उशिरा दिसला. ताकदीसाठी पिल्लाला ‘भरवणे’ हे त्याच्या सांध्यांच्या मुळावर येते.

भारतात कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा वयाचा थेट उल्लेख करतो. वय, आजार, अशक्तपणा किंवा जखमेमुळे जो प्राणी कामाला अयोग्य आहे, त्याला कामाला लावणे हा कलम ११ नुसार गुन्हा आहे. मालकाने तसे होऊ देणे हाही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड मात्र १० ते ५० रुपयेच आहे.

ओझ्याच्या प्राण्यांसाठी १९६५ चे नियम आहेत. बैल, रेडा, घोडा, खेचर, गाढव, उंट यांनी किती वजन वाहावे वा ओढावे हे त्यांत ठरवले आहे. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत त्यांना कामाला लावण्यास मनाई आहे. वजनांच्या या यादीत कुत्रा नाही, कारण आपल्याकडे तो ओझे ओढणारा प्राणी मानला गेलेला नाही. ब्रिटनमध्ये कुत्र्यांच्या गाड्या सर्वत्र होत्या, तेथे १८३९ च्या कायद्याने लंडनमध्ये आणि १८५४ मध्ये देशभर त्यांच्यावर बंदी आली.

उन्हाचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो. हस्की, मॅलम्यूट यांसारख्या दाट केसांच्या जाती तर बर्फासाठीच घडल्या आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात ओढण्याचा सराव बंदच ठेवावा, एरवीही तो पहाटेच करावा.

कधी थांबायचे?

लंगडणे, उठताना अंग आखडणे, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र उचलणे, बसताना पाय एका बाजूला टाकणे ही धोक्याची लक्षणे आहेत. त्यांपैकी एक जरी दिसले, तरी सराव थांबवून पशुवैद्यकाला दाखवावे. मात्र कुत्रा कुरकुरत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असे समजू नये. मालकाला खूश करण्यासाठी तो दुखऱ्या पायानेही ओढत राहतो. तरुण कुत्र्याकडे ओढायला पुढची कित्येक वर्षे असतात. हाडे पक्की व्हायला लागणारे पहिले वर्ष-दीड वर्ष मात्र एकदाच येते.