‘नाही’ म्हणणारी नटी

नटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दागिने, मोटार आणि बंगला येतो. आज एका टायपिस्ट मुलीची हकीकत सांगतो.

सिसिली टायसन ही कृष्णवर्णीय मुलगी १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली. आईवडील नेव्हिस या छोट्या बेटावरून पोटासाठी आलेले. वडील सुतारकाम, रंगकाम करीत; आई लोकांच्या घरी राबे. सिसिली रेडक्रॉसच्या कचेरीत टायपिंग करू लागली. पुढे तिने नटी व्हायचे ठरविले. आई कडक धार्मिक. नाटक-सिनेमा म्हणजे पाप, असे म्हणून तिने पोरीला घराबाहेर काढले!

सिसिली डगमगली नाही. रंगभूमीवर तिने नाव मिळविले. १९६३ साली एका टेलिव्हिजन मालिकेत ती सेक्रेटरी झाली, तीही आपले कुरळे केस जसेच्या तसे ठेवून. त्या काळी कृष्णवर्णीय स्त्रिया केस सरळ करून घेत, हे ध्यानात घ्या.

१९७२ साली ‘साउंडर’ चित्रपट आला. वाट्याने शेत कसणारे कुटुंब. भुकेपायी मांस चोरले म्हणून नवरा तुरुंगात, आणि मागे घर-शेत सांभाळणारी बायको म्हणजे सिसिली. ऑस्करसाठी तिला नामांकन मिळाले. तेव्हा एक गोरा पत्रकार तिला म्हणाला, की काळा मुलगा बापाला ‘डॅडी’ म्हणतो हे पाहून मन कचरले. आपल्यालाही लोक माणूस समजत नाहीत, हे तिला कळून चुकले. आपल्या माणसांना हीन दाखविणारी भूमिका करायची नाही, असे तिने ठरविले.

या नकारापायी ती कित्येक महिने बिनकामाची राहिली. पण लक्षात घ्या, गरीब बाईची भूमिका तिने नाकारली नाही. गरीब बाईची टिंगल नाकारली. १९७४ साली तिने टेलिव्हिजनपटात गुलामीत जन्मून ११० वर्षे जगलेली जेन पिटमन उभी केली आणि दोन एमी पुरस्कार मिळविले. २०१३ साली, ८८ व्या वर्षी, नाटकासाठी टोनी पुरस्कार घेतला. २०१८ साली मानद ऑस्करही मिळाले. २०२१ साली, ९६ व्या वर्षी ती गेली.

तेव्हा घरातली मुलगी नाटकात काम करते म्हणाली, तर तिला दार दाखवू नका. एवढेच विचारा : बाळे, ज्या बाईचे सोंग घेतेस, तिची मान खाली तर जाणार नाही ना?