अरुंद वाहिनी आणि तिचे न्याय्य वाटप

रात्री नऊच्या सुमारास तालुक्याच्या गावात इंटरनेट मंदावले, म्हणजे ग्राहकाचा संताप ज्याच्यावर निघतो तो त्या गावचा केबलचालक असतो. केबलच्या जाळ्यावरून किंवा छपरावरच्या अँटेनांवरून घरोघर सेवा पोहोचविणारा हा लहान पुरवठादार या धंद्यातील किरकोळ व्यापारी होय. दूरसंचार खात्याच्या परवान्याचे अ, ब आणि क असे तीन वर्ग आहेत. त्यांपैकी क वर्गाची सनद घेणाऱ्याचे कार्यक्षेत्र साधारणतः जिल्ह्याएवढेच असते, आणि मोठ्या कंपनीकडून ठोक भावाने घेतलेली क्षमता तो आपल्या गिऱ्हाइकांत वाटून विकतो. १०० मेगाबिटांची वाहिनी घेऊन ती दहा-दहा मेगाबिटांच्या हिशेबाने दोनशे घरांना विकणे वरकरणी लबाडीचे वाटेल; परंतु सर्व घरे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत या अनुभवावर हा हिशेब उभा आहे, आणि तो नसता तर मासिक वर्गणी सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात राहिली नसती.

या हिशेबाला सर्वांत मोठा धक्का दिला तो फाइलींच्या परस्पर देवाणघेवाणीने. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने २००१ साली बिटटॉरेंट निर्माण केले, तेव्हा त्याने एका अवजड फाइलीचे तुकडे अनेकांकडून एकाच वेळी मिळवावयाचे आणि मिळालेले तुकडे तत्काळ इतरांना देत जावयाचे अशी मोठी चतुर योजना आखली होती. मालक निजला तरी त्याचा संगणक रात्रभर घेत आणि देत राहतो. केबलचे जाळे मात्र बाहेरून घरात येणाऱ्या माहितीसाठी रुंद आणि घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीसाठी अरुंद असे बांधलेले असते, आणि बिनतारी जाळ्यात तर एकच आकाश सर्वांना आळीपाळीने वापरावे लागते. त्यामुळे चार-पाच घरांतील टॉरेंट संबंध गल्लीचा मार्ग अडवू शकते.

अडचणीचे मूळ त्याहूनही खोल आहे. इंटरनेटवर गर्दी झाली असता प्रत्येकाने आपला वेग आपण होऊन कमी करावा, हा शिष्टाचार व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली शास्त्रशुद्ध रीतीने घालून दिला, आणि त्याच्याच बळावर हे जाळे कोसळण्यापासून वाचले. परंतु तो शिष्टाचार माणसे मोजीत नाही, जोडण्या मोजतो. एका जोडणीवर वर्तमानपत्र वाचणाऱ्या शिक्षकाला एक वाटा मिळतो आणि पन्नास जोडण्या उघडून बसलेल्या टॉरेंटला पन्नास. यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागत नाही. गणनेचे एककच चुकीचे आहे. शिवाय इंटरनेटवर संगणक ओळखण्याच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा २०११ च्या एप्रिलात अखेरच्या हिश्शापर्यंत आला, तेव्हापासून लहान पुरवठादाराला एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक घरे बसवावी लागतात. अशा एका पत्त्याला ६५,५३५ पोर्टांची, म्हणजे जोडण्यांच्या दारांची, मर्यादा आहे, आणि शेकडो जोडण्या अडकवून ठेवणारे एक टॉरेंट शेजाऱ्यांची साधी पाने उघडणेही दुष्कर करून टाकते.

अशा वेळी पुरवठादाराने काय करावे? सर्वांत सोपा भासणारा उपाय म्हणजे वाहिनीतून जाणारा माल उघडून पाहावा आणि टॉरेंट दिसले की त्याचा गळा आवळावा. कॉमकास्ट या बलाढ्य अमेरिकन कंपनीने २००७ साली हेच केल्याचे उघडकीस आले. दोन संगणकांच्या संभाषणात ती मध्येच शिरून, जणू दुसऱ्या पक्षानेच संबंध तोडला आहे असा बनावट निरोप पाठवीत असे. तेथील दूरसंचार आयोगाने ऑगस्ट २००८ मध्ये तिला दोषी ठरविले. एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, तो आयोगाला तसा अधिकार नाही म्हणून. कंपनीच्या वर्तनाला निर्दोषत्वाचा दाखला न्यायालयाने दिला नाही. आयोगाच्या त्या निर्णयापूर्वी, एप्रिल २००८ मध्ये, स्टॅनफर्ड येथे आयोगापुढे वायोमिंगच्या लॅरामी गावी बिनतारी सेवा चालविणाऱ्या ब्रेट ग्लास यांनी लहान पुरवठादारांची कैफियत मांडली, आणि वितरणाचा जो खर्च आशयाच्या मालकाने सोसावयाचा तो टॉरेंटमुळे आमच्या अंगावर येतो असे सांगितले. ती कैफियत खोटी नव्हती. दूरच्या गावी ठोक क्षमता महाग पडते, हे आपल्याकडील कोणताही केबलचालक सांगेल.

तरीही माल उघडून पाहण्याचा अधिकार त्या कैफियतीतून निष्पन्न होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. टॉरेंट आपला मजकूर सांकेतिक करू शकते आणि मग तपासणीची महागडी यंत्रे बरीचशी आंधळी होतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आपल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ ने मध्यस्थाला जे अभय दिले आहे, ते त्याने मजकूर निवडू नये अथवा बदलू नये या अटीवर दिलेले आहे. जो पुरवठादार टपालवाल्याची भूमिका सोडून पाकिटे उघडू लागेल, तो आपले हे कवच आपल्याच हाताने दुबळे करील. टॉरेंटवरून वाटल्या जाणाऱ्या चोरीच्या चित्रपटांचा प्रश्न निराळा असून तो न्यायालयाचा आहे. आणि तेथेही मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१२ च्या आदेशाच्या नावाखाली पुरवठादारांनी अख्खी संकेतस्थळे बंद केली, तेव्हा त्याच न्यायालयाला नेमक्या दुव्यांपुरतीच बंदी असल्याचा खुलासा करावा लागला होता. लिनक्ससारखी सर्वस्वी कायदेशीर संगणकप्रणालीही टॉरेंटवरून वाटली जाते, हे विसरून चालणार नाही.

वाटपाचा खरा दाखला आपल्याच मातीत आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठेवता माणशी अर्धा एकर असा डोक्यावर ठेवला. जमीन मोजावी की माणूस, हाच तेथला प्रश्न होता. जोडणी मोजावी की ग्राहक, हा येथला आहे. यावर कोणी म्हणेल, की पाणी पंचायतीने उसाला मज्जाव केला होता, मग टॉरेंटला का करू नये? ऊस शेतात उभा दिसतो, त्यासाठी कोणाच्या घरात डोकवावे लागत नाही; शिवाय तो मज्जाव सभासदांनी आपण होऊन स्वीकारलेला होता, पाणी विकणाऱ्याने लादलेला नव्हता.

माणशी वाटा देण्याची साधने आज लहानातल्या लहान चालकाच्या हाती आहेत. लॅटव्हियाच्या मायक्रोटिक कंपनीचे स्वस्त राउटर आपल्याकडे सर्रास वापरले जातात आणि त्यांत प्रत्येक ग्राहकाची स्वतंत्र रांग लावण्याची सोय असते. गर्दी असेल तेव्हा प्रत्येक घराला समान वाटा, आणि मध्यरात्री वाहिनी मोकळी असेल तेव्हा टॉरेंटवाल्याने ती खुशाल भरून घ्यावी. कॉमकास्टलाही अखेर याच तत्त्वावर यावे लागले. मजकुराकडे न पाहता, गर्दीच्या भागात सुमारे १५ मिनिटे सतत अतिवापर करणाऱ्याला तेवढ्यापुरते मागे ठेवण्याची पद्धत तिने स्वीकारली. महिन्याच्या एकूण वापरावर मर्यादा घालण्याची आपल्याकडील रूढ पद्धत मात्र आम्हांस आंधळी वाटते, कारण पहाटे तीनला कोणाचीही अडचण न करता उतरविलेली फाइल आणि रात्री नऊला संबंध गल्ली अडवून उतरविलेली फाइल तिला सारखीच दिसते. टॉरेंटच्या कर्त्यांनीही आपल्या बाजूने सौजन्य दाखविले आहे: डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली लेडबॅट पद्धत रांगेतील विलंब वाढताच आपण होऊन मागे सरते.

कायदाही या मार्गाच्या आड येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या, सरकारने २०१८ मध्ये त्या मान्य केल्या, आणि मजकुरावरून भेदभाव करण्यास परवान्यातच मनाई झाली. परंतु प्रमाणशीर, तात्पुरत्या आणि पारदर्शक व्यवस्थापनाला मुभा ठेवण्यात आली. यांतील पारदर्शकतेची अटच आज सर्वांत जास्त मोडली जाते. आपला वेग केव्हा आणि कोणत्या नियमाने कमी होतो, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. आणि न सांगितलेला नियम न्याय्य असला तरी तो ग्राहकाला फसवणूकच वाटतो.

प्राधिकरणाने यासाठी लहान पुरवठादारांवर जाडजूड अहवालांचा बोजा टाकू नये. गर्दीच्या वेळी आपण वाटप कसे करतो, एका वाहिनीवर किती घरे बसविली आहेत आणि कोणाचाही मजकूर आपण पाहत नाही, एवढे तीन मुद्दे सोप्या मराठीत असलेला एक पानाचा नमुना प्राधिकरणाने तयार करून द्यावा, प्रत्येक पुरवठादाराने तो वर्गणीच्या पावतीमागे छापावा, आणि वाचकांनी पुढची वर्गणी भरताना तो मागून घ्यावा.