जुना संगणक मुलांच्या हातीं द्यावा

“बिघडेल, हात लावूं नकोस!” हें वाक्य पनवेलींतील पुष्कळ घरांत संगणकाजवळ ऐकूं येतें. माझें मत याच्या अगदीं उलट आहे, व तें पालकांपुढें मांडण्यास सबळ कारणहि आहे. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि चांगले चालणारे संगणक निरुपयोगी ठरूं लागले. अशा यंत्रांत लिनक्स घालून तें मुलांच्या स्वाधीन करावें.

लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहून लोकांपुढें ठेविला. तो कोणीहि वाचावा, बदलावा, वांटावा. शिकणाऱ्यास विशेष सोय ही कीं, यंत्राची बहुतेक मांडणी साध्या मजकुराच्या फाइलींत असते.

मी स्वतः शिकूं लागलों तेव्हां, कोणती डिस्क कोठें जोडावी हें सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलींत मीं एक ओळ घातली. तींत एक अक्षर चुकलें. दुसरे दिवशीं यंत्र काळ्या पडद्यावर कांहीं इंग्रजी ओळी दाखवून थांबलें. त्या मीं वाचल्याच नाहींत! घाबरून सर्व पुसलें, पुन्हां आरंभापासून लिनक्स घातलें, आणि वर्षभराच्या प्रश्नपत्रिका गमाविल्या. वस्तुतः कोणती डिस्क सांपडत नाहीं, हें त्या ओळींतच लिहिलेलें होतें. पांच मिनिटांत दुरुस्ती झाली असती. दोष सर्वस्वी माझा.

यास्तव विद्यार्थ्यांस माझें सांगणें असें कीं, फाइल बदलण्यापूर्वीं तिची प्रत ठेवा व केलेला बदल तारीख घालून वहींत लिहा. ‘सुडो’ हा शब्द म्हणजे यंत्राचें मुखत्यारपत्र होय. त्याच्यापुढील आज्ञा समजल्यावांचून उतरून घेऊं नका. डेबियन वा उबुंटू असेल तर ‘ॲप्ट अपडेट’ केवळ यादी ताजी करतें, खऱ्या सुधारणा ‘ॲप्ट अपग्रेड’ आणतें. पुष्कळजण पहिल्यावरच थांबतात. पवईच्या आय. आय. टी. चे ‘स्पोकन ट्युटोरिअल’ हे लिनक्सचे पाठ मराठींतहि आहेत.

परीक्षेंत याला गुण नाहींत, ही पालकांची तक्रार खरी आहे. परंतु अडचणीच्या वेळीं समोरचा मजकूर शांतपणें वाचण्याची संवय मला पदवी घेऊनहि नव्हती. असो. घरांतील छायाचित्रें व कागदपत्रें आधीं पेनड्राइव्हवर उतरून घ्यावीं, यंत्र मुलाच्या पुढें ठेवावें, आणि पालकांनीं खोलीबाहेर जाऊन बसावें.