तंबूची शिवण

या सदरात मी एरवी शब्दांच्या खोड्या काढीत बसतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. पण दिवाळी अंकाला काही घरगुती द्या, असा संपादकांचा आग्रह पडला. आणि आमच्या घरात गेले चार महिने विषय एकच आहे : कन्येचा तंबू.

तंबू म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे सर्कस उभी राहते, नाहीतर बखरीतली छावणी. हा तसला नव्हे. घडी घातली तर माझ्या शबनम पिशवीत मावतो. नायलॉनचे तलम कापड, त्याला दोन्ही अंगांनी सिलिकॉनचा थर. पाणी पडले तर अळूच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळते. पण कापड शिवावे लागते, आणि शिवायचे म्हणजे सुईने भोके पाडायची! दुसऱ्या जातीच्या तंबूंना, म्हणजे ज्यांच्या कापडाला आतून पॉलीयुरेथेन लावलेले असते त्यांना, पुष्कळदा कारखान्यातच शिवणीवर पट्टी चिकटवून देतात. सिलिकॉनवर मात्र सिलिकॉनखेरीज दुसरे काही धड चिकटत नाही. तेव्हा शिवणी ज्याच्या त्याने बुजवाव्यात, असे तंबूबरोबरच्या कागदावर छापले होते.

जूनमध्ये ते काम मी अंगावर घेतले. खिडकीच्या काचा बसवताना वापरतात ती पारदर्शक सिलिकॉनची नळी आणली, तंबू बैठकीच्या खोलीत जमिनीवर पसरला आणि जिलबी पाडावी तशी नळी शिवणीवरून फिरवली. दुसऱ्या दिवशी तकतकीत दोरी उमटलेली पाहून कन्येला म्हणालो, “आता धबधब्याखाली निजलीस तरी कोरडी राहशील.” प्राध्यापकाला ग्वाही द्यायची सवय असते.

जुलैत ती मैत्रिणीला घेऊन राजमाचीला गेली. रात्री दोनच्या सुमारास कपाळावर पहिला थेंब पडला. पहाटेपर्यंत अंथरूण-पांघरूण भिजून मैत्रीण इतकी कुडकुडू लागली की, तिचे शब्दच नीट उमटेनात. दोघींनी उधेवाडीतल्या एका घराची कडी वाजवली; त्या माउलीने चुलीपाशी बसवले म्हणून निभावले. घरी आल्यावर कन्या मला एका शब्दाने बोलली नाही. शिवणीवरची माझी दोरी तिने एका टोकाला धरून शेवईसारखी सोलून काढली आणि तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिली.

आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी ती शेवई पाहिली आणि माझ्या दोन चुका दाखवल्या. जमिनीवर तंबू ढिला असतो. उभारला की शिवण ताणते आणि भोके उघडतात. तेव्हा लावायचे ते तंबू उभारून, ताणून. दुसरी चूक म्हणजे नळीतले सिलिकॉन घट्ट असते. ते दोऱ्यावर बसते, भोकात उतरत नाही. मी ‘लेप’ देत होतो. हवे होते ते ‘मुरणे’. लोणचे मुरते तसे. (पाहा, शब्द आलाच.)

भाद्रपदात उघडीप मिळाली तशी आम्ही दोघांनी गच्चीवर तंबू ताणला. खुंट्या कुठे ठोकणार? दोऱ्या कठड्याला आणि तुळशीच्या कुंडीला बांधल्या. शिवणी स्पिरिटच्या फडक्याने पुसून घेतल्या. मग काचेच्या बरणीत एक भाग सिलिकॉन आणि दोन भाग रंगवाल्याकडचे मिनरल टर्पेंटाइन. आधी ते एकमेकांना ओळखच देत नाहीत; काडीने बराच वेळ घोटल्यावर काकवीइतके पातळ होते. हे काम उघड्या हवेतच करावे आणि आसपास विस्तव नसावा. कालवायचेही थोडेथोडेच, कारण सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते आणि एकदा घट्ट झाले की टर्पेंटाइनला दाद देत नाही. घट्ट होताना त्याला शिरक्यासारखा वास सुटतो. खालून हिने विचारले, “वर लोणची घातलीत की काय?”

कन्या लहान ब्रशने बाहेरून शिवण भिजवीत गेली. ओघळ आला की मी चिंधीने टिपत होतो. जिथे दोन शिवणी एकमेकींना छेदतात आणि जिथे दोऱ्यांचे फासे शिवले आहेत, तिथे तिने दोनदा हात दिला. रात्रभर वाळू दिल्यावर हात लावला तर किंचित चिकट लागले, म्हणून वरून टाल्कम पावडर फिरवली. नाहीतर घडी घातल्यावर कापड कापडाला चिकटून बसते.

“आता ठीक आहे ना?” मी विचारले.

“तुम्ही सांगू नका, बाबा. झारी आणा.”

ती आत जाऊन आडवी झाली. मी बाहेरून पाणी घालू लागलो. पहिली झारी, दुसरी, तिसरी. आतून काही आवाज नाही. पाचव्या झारीला म्हणाली, “थांबा. इथे.” आणि मागच्या फाशाजवळ आतून तिच्या बोटाचा उंचवटा वर आला. जागा हरवू नये म्हणून मी बाहेरून त्यावर माझे बोट टेकवले.

“सापडली,” मी म्हणालो. “ये बाहेर.”

“आधी वाळू द्या,” आतून उत्तर आले, “आणि बरणी नव्याने कालवा. कालची आता उपयोगाची नाही.”