औषधे कोणी आणून दिली?

वैद्यकाच्या इतिहासाची पुस्तके चाळली की डॉक्टरांची नावे ठळक दिसतात. ज्या जहाजातून ते आले ते जहाज मात्र तळटीपेतही सापडत नाही. प्रस्तुत लेखकाला हे पटत नाही.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली आरमारासोबत गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता, आणि मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. (आज तेथे खोली मिळवताना आपली काय दशा होते, ते असो!) भारतातील औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आंबा, नारळ, अफू, भांग, पटकीचा रोग, सारे संवादरूपाने. स्वतः पाहिलेल्या गोष्टीपुढे ओर्ता गेलनचीही भीड धरीत नाही. हा त्याचा मोठेपणा निर्विवाद आहे.

पण संवादात आणखी माणसे आहेत. मालूपा नावाचा हिंदू वैद्य येतो. आंतोनिया नावाची गुलाम मुलगी तर वरचेवर येते. धन्याने हाक मारली की ती वनस्पती आणून समोर ठेवते. १५६७ साली क्लुसियसने या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला व संवाद काढून टाकले. युरोपभर वाचला गेला तो हाच संक्षेप. औषधी राहिल्या, आंतोनिया गेली.

साम्राज्याने खुद्द ओर्तालाही सोडले नाही. तो मूळचा ज्यू घराण्यातला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी धर्मसमीक्षण सभेने त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली.

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१३ साली क्लेमंट्स मार्कहॅमने केले. हा तोच मार्कहॅम, ज्याने १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून सिंकोनाची रोपे व बी निलगिरीत आणवले. हिवतापावरचे क्विनीन याच झाडाच्या सालीतून निघते, आणि ते नसते तर गोऱ्या सैन्याचा आफ्रिकेच्या आतल्या भागात टिकाव लागणे कठीण होते. सर्वांत सकस बी मात्र चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याला मिळाले. ते गोळा केले बोलिव्हियातील त्याचा आदिवासी नोकर मॅन्युएल इन्क्रा याने. १८६५ साली त्यातले काही डचांनी घेतले आणि त्यावर जावातील मळे उभे राहिले. मॅन्युएल पुन्हा बी आणायला गेला, तेव्हा पकडला गेला. तुरुंगात मारहाण झाली आणि त्यातच तो संपला. झाडाच्या जातीला नाव पडले लेजरचे.

हिवतापातून वाचलेल्या माणसांची संख्या दाखवून कोणी म्हणेल, फायदा तर जगाचाच झाला ना? झाला, नाकारतो कोण? पण तो हिशेब मांडताना मॅन्युएलचे नाव खोडण्याची गरज काय होती?

आपल्या इतिहास मंडळाने यंदा ओर्ताचे दोन-चार संवाद तरी वर्गात मोठ्याने वाचावेत, आणि आंतोनियाची वाक्ये वाचायला एखाद्या विद्यार्थिनीला उभे करावे.